फळ्यावरचं पांढुर्णा

हात आखडता घ्यायची वेळ आली की माणूस सगळ्यात आधी माळ्याला नको म्हणतो. ही तक्रार नाही, पंधरा वर्षांचा अनुभव आहे. दूधवाला राहतो, डिश टीव्ही राहतो, गाडी धुणारासुद्धा राहतो. बगीच्याचं तेवढं 'पुढच्या वर्षी बघू' होतं. गेली दोन वर्षं मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरकडे हे पुढचं वर्ष काही उजाडलेलं नाही.

मी सोनाली सोमकुंवर. लॉन लावणं, बगीचे उभे करणं आणि ते सांभाळणं हा माझा धंदा, नाव 'हिरवळ'. माझे वडील, गुलाब सोमकुंवर, सरकारी रेस्ट हाउसवर माळी होते. आमच्या घरात कोणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, पण मेंदीचं कुंपण दोरी न लावता सरळ कापणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच होता आणि तो माझा बाप होता. त्यांच्या कैचीवर मी धंदा सुरू केला. नागपूर रोडला फार्महाउस निघत होते, लेआउट पडत होते, कंपन्यांना गेटपुढे हिरवं हवं होतं. एक वेळ अशी होती की माझ्याकडे सात माणसं होती आणि तरी मी लोकांना 'पुढच्या महिन्यात या' म्हणून परत पाठवत होते. मग लेआउटचे प्लॉट विकले जाईनात. प्लॉटच पडून आहेत तर त्यांच्या तोंडाशी लॉन लावून करायचं काय? एका कंपनीने आमचा बगीचा उपटून तिथे गिट्टी पसरली. दुसरीने झाडं ठेवली आणि माळी बंद केले, एका उन्हाळ्यात झाडं वाळली आणि तीही गिट्टीवर आली.

सात माणसं मात्र मी ठेवली. याचा मला फार अभिमान होता. तो कसा उतरला तेच सांगायचं आहे.

आमच्या नर्सरीत टिनाची शेड आहे आणि शेडमध्ये एक काळा फळा आहे, बंद पडलेल्या कोचिंग क्लासमधून आणलेला. दर सोमवारी सकाळी आठला सगळे तिथे जमतात, चहा होतो आणि मी फळ्यावर कामं लिहिते. कोणतं काम, कोणत्या गावी, कोण जाणार. चांगल्या दिवसांत फळा पुरायचा नाही, मी खालच्या लाकडी पट्टीवर लिहायचे. मंदी आली तसा फळ्याचा काळा भाग वाढायला लागला. सात माणसं हातात चहाचे ग्लास घेऊन त्या काळ्या भागाकडे बघत बसायची आणि मला ते बघवायचं नाही. मग मी ठरवलं, काही झालं तरी फळा रिकामा दिसू द्यायचा नाही.

माझा भाऊ प्रतीक नागपुरात बँकेत आहे. तो मला रोज सकाळी टाय लावलेल्या माणसांचे व्हिडिओ पाठवतो. मालक खचला तर माणसं खचतात, कायम हसतमुख राहा, असं ते हातवारे करकरून सांगतात. मी चिडायचे आणि तरी शेवटपर्यंत बघायचे. त्यातलं हसतमुख राहायचं तेवढं मी उचललं. कोणी फोनवर नुसता लॉनचा भाव विचारला तरी त्याचं गाव फळ्यावर चढायचं. एका गृहस्थांनी नातीच्या वाढदिवसाला भाड्याने कुंड्या मिळतील का विचारलं, त्यांचंही नाव मी लिहून टाकलं. फोन तर खरंच आले होते, त्यामुळे आपण खोटं लिहितोय असं काही मला वाटायचं नाही.

सगळ्यांत मोठं नाव होतं पांढुर्णा. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आता आपलंही काहीतरी होणार असं या भागात सगळ्यांनाच वाटत होतं, आणि मला तर वाटणारच. गजेंद्र घागरे म्हणून कापसाचे एक व्यापारी तिथे हायवेला लागून मंगल कार्यालय बांधत होते. दीड एकराचं लॉन, भोवती बोगनवेल, मधे कारंजं. दसऱ्याच्या सुमारास मी जागा मोजून आले होते. 'संक्रांत झाली का सुरू करून टाका ताई,' असं ते म्हणाले होते. दीड एकर म्हणजे सातही जणांना उन्हाळ्यापर्यंत काम, वर देखभालीचं वेगळं. मी फळ्याच्या मधोमध मोठ्या अक्षरात 'पांढुर्णा' लिहिलं. दर सोमवारी बाकीचं पुसायचे, पांढुर्णा तसंच ठेवायचे.

भाषणही ठरलेलं होतं. आमच्याकडे संत्र्याच्या झाडाला ताण देतात. डिसेंबर लागला की बागेचं पाणी तोडायचं, महिना-दोन महिने झाड तहानलेलं ठेवायचं. पानं मलूल होतात, बाग गेली असं वाटतं, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं. मी फळ्यासमोर उभी राहून सांगायचे, "आपन ताणावर आहो. आता वायल्यासारखं दिसून राहिलं, पन पानी सुटलं का असा बहार येईन का ठेवाले जागा पुरनार नाही!" पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सगळे हसले, आमच्या सुरेशने तर टाळी वाजवली. टाळी मिळाली म्हणून मी ते दर सोमवारी म्हणायला लागले. खरं सांगायचं तर मी जन्मात एकाही संत्र्याच्या झाडाला ताण दिलेला नव्हता. शब्द कानाला बरा वाटला म्हणून शेतकऱ्यांकडून उसना घेतला होता.

अंबाबाई माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत. पन्नाशीच्या आसपास, ठेंगण्या, तोंडाने फटकळ. लॉन लावायचं म्हणजे गवताची एकेक काडी बोटाने मातीत रोवायची असते, आणि त्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. दोन माणसं लावतील तेवढं त्या एकट्या लावतात आणि त्यांनी रोवलेली काडी मरत नाही. नवरा दम्याने घरी बसलेला, मुलगी तृप्ती नर्सिंग शिकते, घर यांच्या मजुरीवर. अंबाबाईंना वाचता येत नाही. सोमवारी त्या फळा किती भरला आहे तेवढं बघायच्या आणि चहा प्यायला लागायच्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला एकदा काम संपल्यावर त्या मागे रेंगाळल्या.

"ताई, येक इचारू का?"

"इचारा न."

"होस्टेलच्या शायेत सैपाकाची जागा निंगाली. बारा महिन्याची हाये. वार्डनबाई म्हनते, येतं का. मी म्हनलं, थांबा, आमच्या ताईले इचारते."

मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर दीड एकर. या बाई गेल्या तर तिथे लॉन कोण लावणार? त्यांच्या घरचं काय, हे मला दुसऱ्यांदासुद्धा आठवलं नाही.

"अंबाबाई, पांढुर्ण्याचं काम येऊन राहिलं न. संक्रांत झाली का लागूच आपन. उन्हायाभर तुमचा हात खाली राहनार नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग जाऊ द्या त्या सैपाकाले," त्या हसल्या. "तसंबी मले शंभर पोराइच्या पोया लाटाचा कंटायाच येते. पन वार्डनबाई महिनाभर थांबतो म्हनते. तिले शेवटचं मंग सांगीन."

महिना संपता संपता, एका शनिवारी, गजेंद्र भाऊंनी मला पांढुर्ण्याला बोलावलं. मी सकाळच्या बसने गेले. हॉल रंगवून तयार झाला होता, माणसं पंखे लावत होती. लॉनच्या जागेवर सिमेंटचा कोबा झाला होता आणि त्यावर एका कडेला हिरव्या प्लास्टिकच्या गवताच्या गुंडाळ्या रचून ठेवल्या होत्या. एक गुंडाळी थोडी उलगडलेली होती. गजेंद्र भाऊंनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत पंख्यांबद्दल बोलले. मग म्हणाले,

"ताई, राग नका मानू. याले पानी नाही, खत नाही, कटिंग नाही. लग्नाच्या दिवशी अंथरा, दुसऱ्या दिवशी गुंडायून ठेवा. बजार थंडा हाये. मी बी हात राखून करून राहिलो."

"आन कारंजं?"

"कारंजाचं मंग पाहू."

माणूस वाईट नव्हता. मला बोलावून तोंडावर सांगितलं, फोनवर टाळलं नाही. मी उठताना वाकून त्या गवतावरून हात फिरवला. दुपारच्या उन्हाने ते तापलं होतं. वडील असते तर त्यांनी त्यावर चप्पल काढून पाय ठेवला असता आणि लगेच उचलला असता.

परतीची बस जामसांवलीला थांबली, हनुमानाच्या दर्शनाहून परतणारी गर्दी चढली. शेजारी बसलेल्या बाईने मला नारळाचा तुकडा दिला. हनुमानाला हात जोडायची आमच्या घरची रीत नाही, पण नारळ मी खाल्ला, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. सोमवारी सगळ्यांना सांगून टाकायचं, असं त्या बसमध्ये मी ठरवलं. काय शब्द वापरायचे तेही ठरवलं. रविवारी ते शब्द दोनदा घोळवून बघितले. अंबाबाईंचं घर आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. तिकडे मी गेले नाही.

सोमवारी आठ वाजता सगळे जमले. मी फडकं घेतलं, फळा पुसायला लागले, आणि पांढुर्ण्यापाशी माझा हात थांबला. मागे सात जण चहा पीत होते. मी आजूबाजूचं सगळं पुसलं आणि पांढुर्णा तसंच ठेवलं. मग वळून भाषणही केलं. ताण, पाणी, बहार, सगळं. त्या दिवशी माझा आवाज नेहमीपेक्षा चढा लागला होता.

भाषण संपलं तशा अंबाबाई म्हणाल्या, "काल वार्डनबाई घरी आलती, ताई. मी नाही म्हनून देल्लं. म्हनलं आमचं पांढुर्ण्याचं काम लागून राहिलं, मले येता येत नाही."

तोंड उघडायची हीच वेळ होती, आणि मी तोंड उघडलंही.

"बरं केलं," मी म्हणाले.

सगळे आपापल्या कामाला पांगले. रामाजी काकाजी तेवढे थांबले. रामाजी म्हणजे आमच्याकडचे झाडांचे माहीतगार, वय पासष्ट, पांढुर्णा रोडला एका खेड्यात राहतात. चाळीस वर्षं लोकांच्या संत्र्याच्या बागा राखल्या, भावाबरोबर थोडी घरचीही आहे. दिवसाला दहा वाक्यं बोलले तर खूप. त्यांनी चहाचा ग्लास विसळून जागेवर ठेवला आणि मग म्हणाले,

"काल पांढुर्ण्याले गेलतो, ताई. भाच्याची सोयरिक होती."

"बरं."

"गजेंद्र भौच्या हालमंदी होती. हिरव्या प्लास्टिकवर बसून जेवलो मी."

मी खडूचा तुकडा डबीत ठेवला. तो ठेवायला मला बराच वेळ लागला.

"मले परवाच मालूम झालं, काकाजी."

"आन आज फयावर कायले ठेवलं?"

"मंग काय करू? सगळ्याइले रडवू का सकायी सकायी? धीर नोको का द्याले कोनी?"

मला राग आला होता. रामाजींचा नव्हे, पण समोर तेच होते. त्यांनी तो तसाच अंगावर घेतला आणि शेडच्या खांबाला टेकून उभे राहिले.

"तुमी ताण ताण म्हनता," ते म्हणाले. "इतके दिवस मी काई बोललो नाही. म्हनलं, मालकीन हाये, मन राखाले बोलते. पन ताई, मी ताण देतो न, तवा मोटरचं बटन माह्या हातात रायते. रोज बागेत जातो, पानं पायतो. पानी आज सोडाचं का आठ दिवसानं सोडाचं, ते मी ठरवतो. हे जे चालू हाये त्याचं बटन कोनाच्या हातात हाये? तुमच्या हातात हाये का?"

"आन दुसरं. काया जमिनीतलं झाड दोन महिने कळ काढते. बरडातल्या झाडाच्या बुडाशी मातीच नसते, ते महिनाभरात वायून जाते. मंग किती बी पानी सोडा. माह्या भावानं येक साल दोन्हीकडे सारखाच ताण देल्ला. बरडातले चाळीस झाडं सरपनाले गेले. तुमच्यापाशी सात मानसं हाये. सातही काया जमिनीतले हाये का?"

रामाजी कैची घेऊन कामाला गेले. मी फळ्यासमोर बाकावर बसून राहिले. त्यांनी नाव घेतलं नव्हतं, पण बरडातलं कोण हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. ज्या बाईच्या घरात कमावणारा दुसरा हात नाही, तिला मी स्वतःच्या तोंडाने थांबायला सांगितलं होतं. सुरेशचा भाऊ कमावतो, रामाजींचा मुलगा कमावतो. त्यांना 'पक्कं' म्हणायची वेळच माझ्यावर आली नव्हती, कारण त्यांनी विचारलंच नव्हतं.

दुपारी अंबाबाई कामावरून घरी पोहोचल्या असतील असा अंदाज घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्या ओसरीवर तूर निवडत होत्या. आत नवऱ्याचा खोकला चालू होता. मी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. ठरवलेल्या शब्दांतला एकही कामी आला नाही.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं नाही. हात चालूच होता.

"शनवारी मालूम झालं तुमाले?"

"हो."

"वार्डनबाई इतवारी आलती."

"हो."

"आन आज सकायी तुमी म्हनलं, बरं केलं."

"हो."

एवढ्या फटकळ बाई, पण आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मला लाज वाटत होती, आणि ती लपवायला जागा नव्हती.

"ताई, मले तुमच्यापासून 'पक्कं' नोको होतं," त्या म्हणाल्या. "तुमी 'मालूम नाही' म्हनलं असतं तरी चाललं असतं. मी सैपाकाले लागली असती. आन तुमचं काम आलं असतं त सुट्टी टाकून आली असती, दोन दिवस का होईना. मी का तुमाले सोडून पयून चालली होती?"

"चुकलं माझं, अंबाबाई."

"चुकलं त चुकलं," त्या म्हणाल्या आणि सूप खाली ठेवलं. "उठा. शायेत जाऊन पाहू."

माझ्या स्कूटीवर आम्ही होस्टेलच्या शाळेत गेलो. वार्डनबाई हिशेबी पण नीट वागणाऱ्या निघाल्या. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. जागा त्याच दिवशी सकाळी भरली होती, दुसरी एक बाई कामालाही लागली होती. आतून भांड्यांचे आवाज येत होते. यात अंबाबाईंचा काही दोष नाही, मीच त्यांना थांबवलं होतं, असं मी सांगितलं. त्याने जागा काही परत मिळणार नव्हती, पण सांगितलं.

"जूनमध्ये मुली वाढल्या तर आणखी एक जागा निघू शकते," वार्डनबाई म्हणाल्या. "यांचं नाव मी लिहून ठेवते. पण शब्द देत नाही हं. निघाली तर कळवीन, नाही निघाली तरी कळवीन."

परत येताना रेल्वे फाटक बंद होतं. आम्ही थांबलो. मागून अंबाबाई म्हणाल्या, "पायलं न? त्या बाईनं शब्द नाही देल्ला." टोमणा होता. मी तो मुकाट्याने ऐकून घेतला आणि फाटक उघडल्यावर गाडी काढली.

तो आठवडा मी एकेक माणूस डोळ्यांसमोर आणून घालवला. कोणाच्या घरी कोण कमावतं, कोणाला दुसरं काय येतं, कोण किती दिवस निभावू शकतं. सात वर्षं, दहा वर्षं बरोबर काम करणारी माणसं, आणि यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. प्रतीकचे व्हिडिओ आले. ते मी न बघता ठेवून दिले.

पुढच्या सोमवारी मी लवकर गेले आणि ओलं फडकं घेऊन फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसला. पांढुर्णा इतके दिवस तिथे होतं की पुसूनही अक्षरांचा फिकट माग राहिला. सगळे आले, चहा झाला. मी उभी राहिले आणि सांगितलं. पांढुर्ण्याचं काम गेलं. ते गेल्याचं मला नऊ दिवसांपासून माहीत होतं, आणि माहीत असून मी मागच्या सोमवारी ते फळ्यावर ठेवलं. हातात आज तीन कामं आहेत. एका कंपनीची देखभाल आणि दोन फार्महाउस. होळीपर्यंत तीन माणसांना पुरेल एवढंच ते आहे. पुढचं मला माहीत नाही.

दोन वर्षांत त्या फळ्यासमोर हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं.

"आता सांगा," मी म्हणाले, "कोन थांबू शकते आन कोन नाही."

आपलं भागतं असं सांगायला माणसाला जड जातं, आणि भागत नाही हे सांगायला त्याहून. शेवटी रामाजींनीच घसा खाकरला.

"मी काया जमिनीतला. पोरगा कमावते, घरची बाग हाये. मले उन्हायापर्यंत बलावू नोका. झाडाचं काई इचाराचं असन त फोन करा, तसाच येऊन जाईन."

मग सुरेश म्हणाला, मंडीत संत्र्याची गाडी चालवायला माणूस पाहिजे आहे, त्याला कधीचं विचारून राहिले. तो इथल्या भरवशावर नाही म्हणत होता. हे ऐकून मला खाली बघावं लागलं. आणखी दोघी कापूस वेचायला जातो म्हणाल्या, महिनाभर तरी वेचा आहे. राहिले तिघं, आणि त्यात अंबाबाई.

"मी बरडातली," त्या सरळ म्हणाल्या. "मले रोज काम पायजे."

फळ्यावरच्या पहिल्या ओळीपुढे मी त्यांचं नाव लिहिलं. उरलेल्या दोघांची दोन नावं लिहिली. नुसत्या देखरेखीला आता वेगळा माणूस परवडणार नव्हता, म्हणजे मी हिंडून बोटं दाखवायची ते दिवस गेले. वडिलांची कैची मी घरून आणलीच होती. मेंदीचं कुंपण मीच कापणार होते.

तीन ओळी लिहून झाल्या. बाकी फळा काळाच होता. इतका काळा फळा मी त्यांना कधी दाखवला नव्हता. ताण तर मी पुन्हा उच्चारणार नव्हते. मी खडू डबीत टाकला.

"आन ते फोन आलते त्याइचं काय?" अंबाबाईंनी विचारलं. "ते नातीच्या वाढदिवसाच्या कुंड्या, आन काय काय?"

"ते पक्कं नाही, अंबाबाई. ते नाही लिहीत आता."

"कावून नाही लिहीत?" त्यांचा जुना फटकळ आवाज परत आला होता. "होईन का नाही ते पाहू मंग. पन समोर काई दिसलं पायजे का नाही मानसाले? नुसता काया फया पाहून का चहा गोड लागते?"

सुरेश हसला. मी खडू पुन्हा बाहेर काढला, तरी हात पुढे होईना.

"रेघ ओढा मंधात," अंबाबाई म्हणाल्या. "वरपासून खालपर्यंत. हाये ते इकडं, होईन ते तिकडं. मले वाचता येत नाही ताई, पन रेघ दिसते."

मी रेघ ओढली. वडिलांसारखी दोरी न लावता सरळ आली नाही, खाली जरा डावीकडे गेली. पलीकडच्या बाजूला मी कुंड्या लिहिल्या, एका दवाखान्यापुढची चार झाडं लिहिली, जूनमधली शाळेतली जागा लिहिली. ती काही आमचं काम नव्हती, पण अंबाबाईंनी बोट करून लिहायला लावली. मग मी थांबले.

"पांढुर्णा?" रामाजींनी विचारलं.

"लिहा, लिहा," अंबाबाई म्हणाल्या. "त्या प्लास्टिकवर उन्हायात जेवाची पंगत बसू द्या येक डाव. लोकाइचे बूड भाजले का गजेंद्र भौ तुमाले सोताच फोन करन. पन रेघीच्या तिकडं लिहा."

सगळे हसले आणि मीही हसले. मग मी रेघेच्या पलीकडे, लहान अक्षरात, पांढुर्णा लिहिलं. अंबाबाई उठून फळ्याजवळ आल्या, ते बरोबर बाजूला आहे याची त्यांनी खात्री केली, आणि चहाचा ग्लास ठेवून खुरपी उचलली.

"चला," त्या अलीकडच्या बाजूला बोट दाखवून म्हणाल्या, "हाये ते करून घेऊ."